वीस टक्के जास्त पगार सोडावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २७, नोकरीला ३ वर्षं झालेली, शैक्षणिक कर्जाचे हप्ते चालू आणि हातात दोन ऑफर. मोठ्या कंपनीत पगार २० टक्क्यांनी जास्त, पण काम आज करता तेच. लहान कंपनीत पगार कमी, सोबत ईसॉप (म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क) आणि एका उत्पादनाची पूर्ण जबाबदारी. घरचे मोठी कंपनी घ्या म्हणतात, तुमचा ओढा लहान कंपनीकडे आहे.

माझं मत आधीच सांगते. लहान कंपनी घ्या, पण एका अटीवर: तिथला हातात पडणारा पगार, बोनस अजिबात न धरता, घरखर्च आणि हप्ता भागवून थोडा उरला पाहिजे. उरत नसेल तर मोठ्या कंपनीत जा आणि त्यात कमीपणा मानू नका. हप्ते थकायला लागले की कितीही आवडीचं काम असलं तरी त्यात लक्ष लागत नाही.

आता आकडे. लहान कंपनीचा पगार १०० धरा, मोठीचा १२०. मोठीत दरवर्षी ६ टक्के वाढ मिळेल आणि लहानीतल्या अनुभवामुळे तुमची कमाई दरवर्षी ११ टक्क्यांनी वाढेल असं समजू. पाचव्या वर्षी दोन्ही पगार १५१च्या आसपास येतात. बरेच जण हिशेब इथेच थांबवतात. पण पहिल्या ४ वर्षांत तुम्ही एकूण ५४ कमी कमावलेले असतात, म्हणजे लहान कंपनीतला पहिल्या वर्षाचा निम्म्याहून जास्त पगार. ही तूट भरून निघायला नववं वर्ष उजाडतं.

सलग आठ वर्षं ११ टक्के वाढ एकच कंपनी देईल या भरवशावर तर मुळीच राहू नका. अशी वाढ बहुतेकदा नोकरी बदलताना मिळते. त्यामुळे खरी किंमत आहे ती दोन-तीन वर्षांनी हा अनुभव तुम्हाला कुठे नेऊ शकतो याची. पुढे मिळावी असं वाटणाऱ्या पदांच्या चार-पाच जाहिराती काढा आणि त्यात मागितलेला अनुभव नीट वाचा. उत्पादनाची जबाबदारी सांभाळल्याचा अनुभव तिथे मागितलेला असेल, तर आज सोडलेले २० टक्के ही गुंतवणूक आहे. नसेल, तर ती नुसतीच पगारकपात आहे, आणि माझा सल्लाही मग बदलतो.

ईसॉपची किंमत शून्य धरा. ते साधारणपणे ४ वर्षांत टप्प्याटप्प्याने तुमचे होतात, आणि बहुतेक ठिकाणी पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी सोडलं तर काहीच हाती येत नाही. शिवाय ते शेअर ठरलेल्या भावाने विकत घ्यावे लागतात. शेअरचं मूल्य त्या भावाच्या वर गेलं नाही तर उपयोग नाही. मिळाले तर आनंदच आहे, पण त्यांच्या जोरावर कमी पगाराला होकार देऊ नका.

मोठ्या कंपनीचं पत्रही बारकाईने वाचा. त्या २० टक्क्यांत कामगिरीवर मिळणारा भाग किती आहे? गेल्या दोन वर्षांत त्या पदावरच्यांना तो प्रत्यक्षात किती मिळाला, हे थेट विचारा. रुजू होतानाचा बोनस असेल तर वर्षाच्या आत सोडल्यास तो परत करावा लागतो का, तेही पाहा. कधी कधी २० टक्क्यांचे १० होतात, आणि मग निर्णय खूपच सोपा होतो.

तुमच्याकडे दोन महिन्यांच्या खर्चाचीच शिल्लक आहे, याची मला जास्त काळजी वाटते. लहान कंपनीत जाणाऱ्याकडे ६ महिन्यांचा खर्च तरी बाजूला हवा. तो जमेपर्यंत नवीन कर्ज नको, मोठी खरेदी नको.

राजीनामा देण्याआधी नेमणुकीचं पत्र हातात घ्या आणि लहान कंपनीच्या प्रमुखांना विचारा, आजच्या खर्चाने त्यांच्याकडचा पैसा किती महिने पुरेल. हा प्रश्न विचारण्यात काहीही गैर नाही. उत्तर १२ महिन्यांपेक्षा कमी आलं किंवा टाळलं गेलं, तर मोठ्या कंपनीला होकार कळवा.