चौकडीचा शर्ट की चेक्सचा?

प्रश्न: मुलाचा शाळेचा युनिफॉर्म आणायला गेले आणि सवयीने 'चौकडीचा शर्ट दाखवा' म्हणाले तर दुकानातला पोरगा नुसता बघतच राहिला, वर आमचे चिरंजीव म्हणतात आई चौकडी म्हणजे चार जणांची गँग! चेक्स म्हटल्यावर लगेच मिळाला. माझा शब्द चुकला का? आणि काळी-पांढरी, एक सोडून एक अशी फरशी असते, तिलाही चौकडीच म्हणायचं का?

उत्तर: अहो ताई, अजिबात चुकला नाही. चौकडी म्हणा, चौकडा म्हणा, कुणी चौकटीचा शर्टही म्हणतं, सगळं चालतं. चिरंजीवही बरोबरच आहेत, चांडाळचौकडी कुणाला माहीत नाही! शिवाय पूर्वी पुरुष कानात मोत्यांचा चौकडा घालायचे. चार दिसले की आपण 'चौ' लावून मोकळे.

फरशीचं मात्र वेगळं आहे. तो शर्ट लाल-पांढरा असेल तर जरा डोळ्याजवळ धरून बघा. उभा लाल पट्टा आडव्या लाल पट्ट्यावर येतो तिथे गडद लाल, लालवर पांढरा येतो तिथे गुलाबीसर, आणि पांढऱ्यावर पांढरा तिथे पांढराच. म्हणजे छटा तीन झाल्या. फरशीत दोनच रंग, मधलं काही नाही. म्हणून तिला मी 'बुद्धिबळाच्या पटासारखी' म्हणतो, जरा लांबलचक आहे पण ऐकणाऱ्याला चटकन कळतं. याला सुटसुटीत मराठी शब्द का नाही याचा माझा अंदाज असा की आपल्याकडचा जुना पट एकरंगीच असायचा, 64 घरं रेघांनी आखलेली आणि काही घरांत फुल्या, बस्स. घरं आलटूनपालटून रंगवायची पद्धत युरोपातली.

आणि गंमत म्हणजे तुमचं चेक्स तिथूनच आलंय. फारसी 'शाह' म्हणजे राजा, तो बुद्धिबळाबरोबर युरोपात गेला, फ्रेंचमधून इंग्रजीत शिरला, त्याचं चेक झालं, मग पटासारख्या कापडालाही तेच नाव पडलं. आपण 'शह दिला' म्हणतो तोही हाच शाह, फक्त आपल्याकडे सरळ आला आणि तिकडून शर्ट घालून आला. बँकेचा चेकसुद्धा याच खानदानातला बरं का, शाळेची फी भरताना चिरंजीवांना सांगा.