उन्हाळ्यात तळाला मासा का लागत नाही?

प्रश्न : मोठ्या जलाशयात होडीतून 12 मीटर खोल, तळाशी गळ सोडतो. हिवाळ्यात मासे लागत होते; भर उन्हाळ्यात गांडूळ जसंच्या तसं वर येतं. काय चुकतं?

उत्तर : आमिष ठीक आहे, खोली चुकते. उन्हाळ्यात वरचं कोमट पाणी हलकं होतं आणि खालच्या थंड, जड पाण्यात मिसळत नाही. तळाचा कुजणारा गाळ प्राणवायू संपवतो, वरून नवा पोचत नाही. मासे तळ सोडतात.

लांब वायरचा डिजिटल तापमापी मीटर-मीटरने खाली सोडा. एका मीटरमागे तापमान 1 अंशाहून जास्त उतरलं, की कोमट आणि थंड पाण्यामधला थर आला. आमिष त्याच्या अर्धा-एक मीटर वर हवं.

त्यासाठी सरकता तरंगा, म्हणजे तंगुसावर घसरणारा आणि गाठीपाशी अडणारा, उत्तम. तंगुसावर आधी दोऱ्याची गाठ, मग मणी, तरंगा, शिसं, शेवटी गळ. मणी घालायचा राहिला तर गाठ तरंग्याच्या भोकातून निसटते आणि आमिष पुन्हा तळ गाठतं. गाठ ओली करूनच आवळा. कोरडी ओढली तर घर्षणाने तंगूस कमजोर होतो.

जोराचा वारा झाला, की थराची खोली बदलते, पुन्हा मोजा. मोजताना होडीबाहेर वाकावं लागतं. लाइफ जॅकेट अंगात हवंच, पायाशी नको.