कचरा घरीच जिरवतो, तरी घरपट्टीत कचऱ्याचं शुल्क का भरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सांगलीत नुकताच फ्लॅट घेतला, घरपट्टीच्या बिलात उपयोगकर्ता शुल्क म्हणून कचऱ्याचे वेगळे पैसे दिसले. ओल्या कचऱ्याचं खत घरीच करता, रद्दी-भंगार विकता, मग हे पैसे का द्यायचे? आणि वेगळा केलेला कचरा घंटागाडीत एकत्रच पडत असेल, तर वेगळा तरी का करायचा?

शुल्क भरा, पण हरकत नोंदवून भरा. घरपट्टी थकली की कायद्याने दरमहा २ टक्के शास्ती चढते. एक ओळ वगळून बाकीचं बिल भरलंत, तरी तेवढी रक्कम थकबाकीत दिसतच राहते. पुढे फ्लॅट विकायची वेळ आली की तीच थकबाकी आडवी येते. मी विश्रामबागला आमच्या अपार्टमेंटचा हिशोब बघतो, त्यामुळे हा विषय दरवर्षी मीटिंगमध्ये निघतो आणि दरवर्षी तापतो.

आता हे शुल्क आलं कुठून? पर्यावरण कार्यकर्त्या अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये शहरांच्या कचऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यातून २००० साली देशभरासाठी पहिले नियम झाले. त्यांची जागा २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली. कचरा करणाऱ्याने तो वेगळा करून द्यायचा, जाळायचा नाही आणि स्थानिक संस्था ठरवेल ते शुल्क भरायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलं. त्याआधी कचरा चौकातल्या कोंडाळ्यात टाकला की आपला संबंध संपायचा. दारात गाडी येऊ लागली तसा गाडी, डिझेल, ड्रायव्हर, मदतनीस हा रोजचा खर्च उभा राहिला. शुल्काचा आधार तो खर्च आहे.

तुमची बाजू मला पटते, पण निम्मीच. ओला कचरा घरात जिरवणारं घर शहराचं मोठं ओझं कमी करतं, कारण आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास ओलाच असतो. ते वजन गाडीत चढत नाही, डेपोवर जात नाही. त्याचा मोबदला तुम्हाला मिळायला हवा, यात शंका नाही. पण दुसरी बाजूही बघा. खत करून आणि भंगार विकून तुमच्या घरात काय उरतं? वेफर्सचे चकचकीत पुडे, थर्माकोल, डायपर, सॅनिटरी पॅड, फुटकी काच, दाढीची पाती. म्हणजे ज्याला कुणी चार आणे देत नाही तेवढंच तुम्ही शहराच्या हवाली करता. त्या पुड्यात प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. फार तर ते इंधन म्हणून सिमेंटच्या भट्टीत जातं. हा कचरा वजनाने किरकोळ असतो, पण निस्तरायला सगळ्यात त्रासाचा. त्याचे पैसे भरणं मला तरी अन्याय वाटत नाही.

अन्याय आहे तो सरसकट दराचा. घर, दुकान, हॉटेल, मंगल कार्यालय असे गट पाडून दर ठरतात. एका गटात कोण किती कचरा देतो हे कुणी बघत नाही. दक्षिण कोरियात १९९५ पासून कचऱ्याची पिशवीच विकत घ्यावी लागते, जितका कचरा तितके पैसे. इथे तसं केलं तर काय होईल, हे सांगलीत राहणाऱ्याला सांगायला नको. रात्रीच्या अंधारात पिशव्या शेरीनाल्यात पडतील आणि तिथून कृष्णेत. म्हणून मला पुण्याची पद्धत जास्त योग्य वाटते. गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाच्या पाण्याचं संकलन यांतलं एक केलं तर मिळकत करात ५ टक्के आणि दोन केलं तर १० टक्के सवलत. कचरा जिरवणाऱ्याला सूट मिळते, आणि कचरा लपवून टाकायचं कारणही कुणाला उरत नाही. सांगलीकरांनी शुल्क रद्द करा म्हणण्यापेक्षा अशी सवलत मागावी, असं माझं ठाम मत आहे.

आता दुसरा प्रश्न, गाडीत एकत्र पडण्याचा. हा राग अगदी खरा आहे आणि तो बहुतेक शहरांत ऐकू येतो. पण एकदा सकाळी गाडीजवळ थांबून बघा. मध्ये पत्रा घालून गाडीचे दोन कप्पे केलेले असतात. सुक्याचा कप्पा आधी भरतो, कारण ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची खोकी कुणी मोडत नाही आणि पाण्याच्या बाटल्या फुगलेल्या तशाच येतात. अर्ध्या वाटेत तो कप्पा शिगोशीग होतो. गल्ली अजून बाकी, मागे लोक बादल्या घेऊन उभे. मग मदतनीस उरलेलं ओल्यात टाकतो. त्यातच कुणाच्या तरी गाठ मारलेल्या पिशवीत चहाचा चोथा, बॅटरीचे सेल आणि बाळाचं डायपर एकत्र असतं. ती उघडून निवडायला त्याच्याकडे ना वेळ, ना हातमोजे. यावर आमच्या इमारतीत एकच गोष्ट लागू पडली. ओला रोज द्यायचा, सुका घरात साठवून आठवड्यातून दोनदाच द्यायचा, तोही खोकी मोडून आणि बाटल्या चेपून. मदतनिसाला सांगितलं तेव्हा त्यालाच बरं वाटलं. सुक्याला वास येत नाही, फक्त दुधाची पिशवी विसळून वाळवायची. वाळलेल्या दुधाच्या पिशव्या भंगारवाला घेतो, खरकट्या घेत नाही.

एकत्र गेलेल्या कचऱ्याचं पुढे काय होतं तेही सांगतो, कारण वेगळं का करायचं याचं खरं उत्तर तिथे आहे. सांगलीचा डेपो समडोळी रोडला, मिरजेचा बेडग रोडला. एकत्र कचऱ्याचा ढीग दाबला गेला की आत हवा पोहोचत नाही, मिथेन तयार होतो, उन्हाळ्यात असे ढीग पेटतात आणि धूर शेजारच्या वस्तीला. जुना ढीग हलवायचा तर खणून, चाळून, माती, प्लास्टिक, दगड वेगळे करावे लागतात, आणि तो खर्च पुन्हा तुमच्या-माझ्या खिशातून. खताचंही तसंच. निव्वळ ओल्या कचऱ्याचं खत चांगलं होतं. राज्याने शहरांच्या खतासाठी ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हा ब्रँडच काढला आहे. पण काचेचे तुकडे निघणारं खत आपल्याकडचा द्राक्षवाला किंवा हळदवाला शेतात का टाकेल? त्याला मजुरांचे पाय सांभाळायचे असतात.

आणि हे जमत नाही असं नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं कराड २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत देशात पहिलं आलं. २०२२ मध्ये त्याच गटात पाचगणी पहिली आणि कराड तिसरं. ही गावं लहान आहेत, आपलं सांगली-मिरज-कुपवाड मिळून मोठं, हा फरक मान्य. पण गल्ली तर तेवढीच असते.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून स्वतंत्र द्या. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भागच केले आहेत. जुनी औषधं, सेल, ट्यूब, बल्ब चौथ्या भागात. हे सगळं हाताने उचलणारी माणसं आहेत, त्यामुळे इथे आळस करू नका.

आता अर्ज. घरी खत करत असल्याचा फोटो आणि घरपट्टीच्या बिलाची प्रत जोडून, शुल्कात सवलत द्यावी असा साधा अर्ज तुमच्या प्रभाग समितीच्या कार्यालयात द्या. एकट्याने देण्यापेक्षा इमारतीतल्या चार घरांनी मिळून दिला तर वजन पडतं. सोबत माहिती अधिकाराचाही अर्ज टाका : गेल्या आर्थिक वर्षात या शुल्कातून किती जमा झाले, घनकचऱ्यावर एकूण किती खर्च झाला, त्यातला वाहतुकीवर किती आणि प्रक्रियेवर किती. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, महाराष्ट्रात मजकूर १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. वाहतुकीचा आणि प्रक्रियेचा आकडा शेजारीशेजारी हातात आला की मीटिंगमध्ये नुसती ओरड करावी लागत नाही. दोन्ही अर्जांची पोहोच घ्या, आणि तिच्यावर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख आहे हे बघूनच कार्यालयातून बाहेर पडा.