दुखणे थांबलेल्या दाढेला रूट कॅनाल कशाला?

दातांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी माझी खालची दाढ रात्र-रात्र ठणकत होती. औषधाच्या दुकानातून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणून घेतल्या आणि दुखणे पूर्ण थांबले. आता डॉक्टर एक्स-रे पाहून रूट कॅनाल करायला सांगतात. दुखत नसलेल्या दाढेवर एवढा खर्च का करावा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमची दाढ दुखायची थांबली ती बहुधा गोळ्यांमुळे नव्हे, तर तिच्या आतला जिवंत भाग मेल्यामुळे. हे वाक्य कठोर वाटेल, पण या एका गैरसमजापायी वाचवता येण्याजोग्या कितीतरी दाढा काढाव्या लागतात, म्हणून ते सुरुवातीलाच स्पष्ट लिहितो.

दाताचे बाहेरचे आवरण, म्हणजे इनॅमल, हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे; परंतु त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे हाड सांधते किंवा जखम भरून येते तसा किडीने पडलेला खड्डा आपोआप भरून येत नाही. इनॅमलच्या आत डेंटीनचा थर असतो आणि त्याच्या मधोमध, मुळांच्या टोकांपर्यंत, रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गर असतो. रुग्ण ज्याला ‘दाताची नस’ म्हणतात तो हाच. कीड तिथवर पोचली की गराला सूज येते. बोटाला सूज आली तर कातडी ताणून तिला जागा देते. गराच्या चारही बाजूंना मात्र दाताच्या कठीण भिंती असतात, त्यामुळे आतला दाब वाढत जातो आणि दाढ ठणकू लागते. आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्ताचा दाब वाढतो, म्हणून हा ठणका रात्री असह्य होतो. काही दिवसांनी गर मरतो, दुखण्याची जाणीव मेंदूला पोचवणारे तंतूही त्याबरोबर मरतात आणि रुग्णाला बरे वाटू लागते.

मेलेल्या गरात रक्त फिरत नाही, त्यामुळे रक्तातून जाणारे औषधही तिथे पोचत नाही. जंतू मात्र तिथेच राहतात आणि मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. तुमच्या डॉक्टरांना एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसला असेल, तर तिथल्या हाडातील खनिजे बऱ्यापैकी कमी झाली आहेत, असा त्याचा अर्थ होतो. पुढे हिरडीवर पुटकुळी येऊन तिच्यातून पू वाहू लागला तरी दाब मोकळा होत असल्यामुळे दुखत नाही. अशा दाढेचे रूट कॅनाल करावे किंवा ती काढावी; वाट पाहणे हा तिसरा पर्याय येथे नाही. दाढेचा पुरेसा भाग शिल्लक असेल तर मी रूट कॅनालच सुचवीन.

अँटिबायोटिकची गरज संसर्ग दाताबाहेर पसरू लागल्यावर पडते. गालावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड नीट न उघडणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास यांपैकी काही असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

प्रश्न : रूट कॅनालमध्ये नेमके काय करतात? माझ्या जावेचे काम एकाच बैठकीत झाले, मला मात्र तीनदा बोलावले. शिवाय इंजेक्शन देऊनही दुखले. नंतर कॅप बसवलीच पाहिजे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मुळांतील अरुंद नलिकांमधून गर काढणे, त्या नलिका निर्जंतुक करणे आणि पुन्हा जंतू शिरू नयेत अशा पक्क्या भरणे, एवढेच हे काम आहे, मात्र ते अतिशय बारीक आहे. वरच्या पहिल्या दाढेला साधारणपणे तीन मुळे असतात, पण अनेकदा चौथी नलिकाही असते आणि ती इतकी लहान असते की भिंगाशिवाय किंवा सूक्ष्मदर्शकाशिवाय निसटून जाते. ती तशीच राहिली तर दुखणे वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा उपटते. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या लवचीक फाइल (कानशीसारख्या खरखरीत बारीक सुया) यंत्राला जोडून वाकड्या नलिकाही साफ करता येतात. एपेक्स लोकेटर हे उपकरण अतिसूक्ष्म विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने मुळाचे टोक कुठे आहे ते दाखवते. फाइल पोचत नाही त्या कोनाकोपऱ्यांतील गर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने विरघळवतात. शेवटी नलिकांत गटापर्चा भरतात. हा मलाय प्रदेशातील झाडांच्या चिकापासून मिळणारा, रबरासारखा पदार्थ आहे.

या सगळ्यात रुग्णाने एक प्रश्न आवर्जून विचारावा, असे मला मनापासून वाटते : ‘डॉक्टर, रबर डॅम लावणार ना?’ दाताभोवती ताणून बसवलेला हा रबराचा पातळ पडदा अमेरिकेतील दंतवैद्य सॅनफर्ड बार्नम यांनी 1864 मध्ये वापरात आणला. त्यामुळे लाळेतील जंतू दातात जात नाहीत आणि द्रावण किंवा बारीक फाइल घशात जाण्याचा धोका टळतो.

बैठका किती लागतात हे दाताच्या अवस्थेवर ठरते. गर जिवंत असेल तर काम एका बैठकीत संपू शकते. पू येत असेल तर आत औषध ठेवून काही दिवसांनी पुन्हा बोलावणे योग्य असते. जास्त वेळा बोलावले म्हणजे डॉक्टर अननुभवी आहेत, असा अर्थ काढू नये. इंजेक्शनविषयी सांगायचे तर, सूज आलेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि बधिरतेच्या औषधाचा परिणाम तिथे कमी होतो. दुखल्यास हात वर करावा, सोसू नये. डॉक्टर दुसऱ्या ठिकाणी किंवा थेट गरात इंजेक्शन देऊ शकतात.

चावण्याचा भार घेणाऱ्या दाढांना बहुतेक वेळा कॅप लागते, कारण किडीने आणि उपचाराने त्यांच्या भिंती पातळ झालेल्या असतात आणि सुपारीच्या एका खांडानेही दाढ उभी चिरू शकते. चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढावीच लागते. समोरचा दात बराचसा शाबूत असेल, तर मात्र साधे फिलिंग पुरते.

प्रश्न : आईने अनेक वर्षे मिश्री लावली. मशीनने दात साफ केल्यावर तिच्या दातांत फटी पडल्या आणि दात हलू लागले. मशीनमुळे दात खिळखिळे होतात का? (एक वाचक, बीड)

उत्तर : नाही. स्केलिंगच्या यंत्राचे टोक सेकंदाला हजारो वेळा कंप पावते आणि पाण्याच्या फवाऱ्यासह दातावरचे कीटण सुटे करते. ते दात घासून पातळ करत नाही. फटी आधीपासूनच होत्या, त्या कीटणाने भरल्या होत्या. कीटणामुळे हिरडी सुजते, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते, आणि हे सारे जवळजवळ न दुखता घडते. सैल झालेले दात कीटणाच्या आधाराने एकमेकांना चिकटलेले असतात. आधार निघाला की ते हलताना जाणवतात. यंत्रावर ठपका ठेवून पुढचे उपचार टाळले, तर आईचे उरलेले हाडही जाईल. हिरड्यांखालची खोल साफसफाई करून घ्यावी. काही दिवस थंड पाण्याने शिणशिणेल, ते सहसा हळूहळू कमी होते. मिश्री ही भाजलेली तंबाखूच असते, दात घासण्याचे साधन नव्हे. ती बंद करावी आणि आईच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा अथवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. त्यांची एक दाढ काढली आहे. तिथे ब्रिज बसवावा की इम्प्लांट? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात; त्यासाठी शेजारचे दोन दात तासावे लागतात. ते दात निरोगी असतील तर मी इम्प्लांटकडे, म्हणजे हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूवरील दाताकडे, झुकेन. हाड टायटॅनियमला घट्ट धरते, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी दाखवले आणि 1965 मध्ये पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. हाडात स्क्रू बसवल्यावर तो एकजीव व्हायला बहुधा तीन ते सहा महिने लागतात. मधुमेह आटोक्यात असेल तर तो अडसर ठरत नाही. मात्र एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारा रक्ततपासणीतील आकडा) वाढलेले असेल तर जखम भरण्यास वेळ लागतो आणि संसर्गाची भीती राहते, म्हणून आधी साखर नियंत्रणात आणावी. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह एकमेकांना बळ देतात, म्हणून हिरड्यांचे उपचारही आधीच करून घ्यावेत. वडील रक्त पातळ करणाऱ्या किंवा हाडांच्या ठिसूळपणाच्या गोळ्या घेत असतील तर दंतवैद्यांना सांगावे. पण स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नये.

प्रश्न : मला पाचवा महिना आहे. दाताचा एक्स-रे काढला तर बाळाला धोका आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गरज असेल तर जरूर काढावा. दाताच्या एका लहान डिजिटल एक्स-रेमधील किरणोत्सर्ग साधारणपणे निसर्गातून प्रत्येकाला रोज मिळणाऱ्या किरणोत्सर्गाएवढाच किंवा त्याहून कमी असतो आणि त्याचा रोख पोटाकडे नसतो. तातडीचा नसलेला उपचार चौथ्या ते सहाव्या महिन्यात करणे सोयीचे असते, त्यामुळे तुमची वेळ योग्य आहे. खुर्चीत उताणे झोपल्यावर चक्कर आल्यासारखे वाटले, तर डॉक्टरांना लगेच सांगून उजव्या कमरेखाली लहान उशी घ्यावी आणि डाव्या कुशीवर थोडे कलावे.