वाचक विचारतात : चाकावरची आणि चाकाशिवायची मडकी

पॅलेस्टाइनच्या लोप पावणाऱ्या कुंभारकामावरच्या आमच्या लेखानंतर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी ही चार.

वाशीच्या एका प्रदर्शनात निळ्या फुलांची चकचकीत ताटली ‘पॅलेस्टिनी पॉटरी’ म्हणून घेतली. लोप पावणारी कला ती हीच का? – एक वाचक, वाशी

नाही. ही शैली जेरुसलेमला आली ती आर्मेनियन कारागिरांबरोबर. तिथल्या ‘डोम ऑफ द रॉक’ या सोनेरी घुमटाच्या इस्लामी वास्तूच्या फरशांच्या दुरुस्तीसाठी १९१९ साली डेव्हिड ओहानेसियन तिथे आले आणि ते काम तिथेच रुजलं. त्याला पर्यटकांचं गिऱ्हाईक आहे. आटत चाललंय ते बिनझिलईचं, रोजच्या वापराचं मडकं. अरबीत त्याला ‘फुख्खार’ म्हणतात.

त्यातही दोन परंपरा आहेत. गाझा आणि हेब्रॉनचे कुंभार पायाने फिरवायच्या चाकावर काम करतात आणि बंद भट्टीत भाजतात. गाझाचं काळं मडकं मुळात लाल मडक्याच्याच मातीचं. भाजणीच्या शेवटी भट्टीचा वारा बंद करून आत धूर कोंडला की मातीतलं लोह लाल न होता काळं पडतं. दुसरी परंपरा रामल्ला, सिंजिल अशा डोंगराळ भागातल्या शेतकरी बायकांची. चाक नाही, भट्टी नाही, हंगाम फक्त उन्हाळ्याचा. ही परंपरा जवळजवळ संपली आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

ऐरोलीच्या वर्गात त्या बायकांच्या पद्धतीने मातीच्या वळ्या (लांब दोऱ्या) एकावर एक लावून दोन घागरी केल्या. एकीला वाळताना पोटावर आडवी चीर गेली, दुसरी भट्टीत फुटली. कुठे चुकलं? – एक वाचिका, ऐरोली

चीर आडवी आहे, म्हणजे ती वळ्यांच्या सांध्यावर गेली. खालची वळी कडक झाल्यावर वरची नुसती टेकवली की दोन्ही वेगवेगळ्या आटतात. बोटाएवढ्या जाडीची वळी लावल्यावर आतून अंगठ्याने खाली आणि बाहेरून बोटाने वर अशी माती ओढून सांधा पुसायचा. चार-पाच वळ्यांनंतर थांबायचं. पोट स्वतःचं वजन पेलण्याइतकं घट्ट होऊ द्यायचं, पण काठ ओल्या फडक्याने झाकून मऊ ठेवायचा. तळाखाली राख भुरभुरली तर तो पाटाला चिकटत नाही आणि आटताना ओढला जात नाही.

मातीत भर घातली होती का? त्या बायका जुनी खापरं कुटून चाळून मिसळत. तुम्ही चार भाग मातीला एक भाग खापराचा चुरा घ्या, कण बाजरीएवढे. भाजलेलं खापर पुन्हा आटत नाही, त्यामुळे सगळंच मडकं कमी आटतं, शिवाय वाफेला बाहेर पडायला वाट मिळते. काही ठिकाणी चुनखडीच्या दगडाचा चुरा घालत, तो मात्र तुम्ही घालू नका. त्या बायकांच्या शेणाच्या उघड्या जाळात उष्णता साधारण ६०० ते ८०० अंशांपर्यंत जाते, वर्गातली विजेची भट्टी ९५० च्या पुढे. तिथे चुनखडीचा कळीचा चुना होतो, मग तो हवेतली ओल घेऊन फुगतो आणि मडक्याचे टवके उडतात. आपल्या दमट हवेत तर लवकरच.

दुसरी घागर १०० अंशांच्या आसपास आतल्या ओलीची वाफ होऊन फुटली असणार. पावसाळ्यात आठ दिवस सावलीत ठेवूनही माती आतून ओली राहते. मडकं गालाला लावून पाहा. गार लागलं तर अजून ओल आहे. भट्टी ८०-९० अंशांवर चार-पाच तास धरून मगच पुढे न्या.

जॉर्डनहून आणलेल्या इब्रिकमध्ये पाणी गार होतच नाही. नकली आहे का? – एक वाचक, कोपरी

दोष मडक्यात असेलच असं नाही. इब्रिक म्हणजे बारीक चोचीची झारी, तांब्यासारखी ओठांना न लावता वरून प्यायची. बाहेर झिरपलेलं पाणी सुकताना उष्णता घेऊन जातं, पण किती, ते हवेवर ठरतं. ३५ अंश आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर पाणी फार तर २४ अंशांपर्यंत उतरेल. ठाण्याच्या मे महिन्यात ३३ अंश आणि ७० टक्के असली की २८ च्या खाली जाणारच नाही. झारी ओट्याच्या कोपऱ्यातून काढून वाऱ्याच्या खिडकीत तिवईवर ठेवा. साबण लावू नका, भोकं बुजतात. बाहेरून ओलसरच होत नसेल, तर मात्र ती जास्त भाजलेली किंवा रंगवलेली आहे.

ही कला मरतेय का, आणि आपण घरात तिचं काही वापरू शकतो का? – एक वाचिका, घंटाळी

नळ आला, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम आलं, तशी विहिरीवरून पाणी आणायची घागर गेली. बायकांचं काम तिच्यावरच उभं होतं. चाकावरचे कुंभार कुंड्या आणि स्वयंपाकाच्या भांड्यांवर टिकले. मग २००७ पासूनच्या नाकेबंदीने गाझाचा बाहेरचा बाजार तोडला आणि ऑक्टोबर २०२३ पासूनच्या युद्धाने वस्त्याच उद्ध्वस्त केल्या. त्याच युद्धात गॅस मिळेनासा झाल्यावर तिथल्या बायकांनी माती-पेंढ्याच्या चुली पुन्हा हाताने थापल्या. हे लिहिताना जीव तुटतो. हातातलं ज्ञान अशा कारणासाठी लागावं, हे कुणालाही नको असतं.

वापरायचं तर ‘झिब्दिया’ घ्या, गाझाच्या घराघरात असणारा जाड, खरखरीत मातीचा वाडगा. त्यात आधी लसूण आणि मीठ, मग हिरवी मिरची आणि शेपूचं बी लाकडी बत्त्याने चेचतात, शेवटी टोमॅटो, लिंबू, ऑलिव्ह तेल. हा ‘दग्गा’. मीठ आधी घातलं की लसूण निसटत नाही. आपल्याकडचा बिनझिलईचा जाड वाडगाही चालेल. रात्रभर पाण्यात भिजवा, सुकवा, आतून तेल चोळा. गॅसवर ठेवायचा तर खाली जुना तवा ठेवा, आच मंद ठेवा, आणि तापलेल्या वाडग्यात गार पाणी कधीही ओतू नका.