अर्थबिर्थ शोधतोयस ना, मग हे वाच

अरे, सगळं फोल वाटतंय म्हणजे तुझं डोकं बिघडलंय असं नाही, डिग्री-नोकरी-प्रमोशन-ईएमआय ही साखळी बघून कोणालाही वाटणारच की कशासाठी हे सगळं. पण रात्री दोन वाजता मोबाईल धरून उत्तर शोधू नकोस, तिथे एकतर दुसऱ्यांच्या ट्रिपचे फोटो भेटतात नाहीतर कोर्स विकणारे गुरुजी (हे जास्त डेंजर). व्हिक्टर फ्रँकल नावाचा व्हिएन्नाचा मानसोपचारतज्ज्ञ १९४२ ते १९४५ नाझी छळछावण्यांत होता, त्याचं म्हणणं असं की आयुष्याचा अर्थ काय हे आपण विचारायचं नसतं, आयुष्यच आपल्याला विचारतं, आणि उत्तर द्यायचं ते कामातून, कोणावर तरी जीव लावून, नाहीतर न टळणारं दुःख कसं सोसतो त्यातून. मला यातलं पहिलंच झेपतं. म्हणून म्हणतो, आठवड्यातून एकदा असं काहीतरी धर की तू नाही गेलास तर कोणाचंतरी अडेल. एखाद्या पोराला अपूर्णांक शिकव, छेद सारखे न करताच धडाधड बेरीज करून ठेवतात, तासभर डोकं तिथेच अडकतं बघ. नोकरी मात्र तडकाफडकी सोडू नकोस. आणि झोप-जेवण उडालं असेल, आठवडेच्या आठवडे काहीच नको वाटत असेल, तर फिलॉसॉफी बाजूला ठेव आणि आधी डॉक्टर गाठ.