मुलाला कशाची कमी नाही, तरी तो काम करायचं म्हणतो. करू द्यावं का?

तुम्ही विचारलंय की मुलगा १९ वर्षांचा आहे, साताऱ्यात खोली घेऊन बी.कॉम. करतोय. भाडं तुम्ही भरता, गावाहून रोज एसटीने डबा जातो, कशाची कमी नाही. तरी तो एका दुकानात अर्धवेळ काम धरतो म्हणतो. धरू द्यावं का, आणि दिवसाचे किती तास?

धरू द्या. तीन तास, फार तर चार. आता पुढचं लिहितोय ते 'कशाची कमी नाही' या तुमच्या शब्दांसाठी. हेच शब्द मी वीस वर्षांपूर्वी भर गिरणीत, गिऱ्हाइकांसमोर ऐकलेत आणि ते भांडण आमच्या घरात अजून मिटलेलं नाही.

मी खटाव तालुक्यातला. २००३ साली बारावी करून साताऱ्याला आलो, यादोगोपाळ पेठेत तिघांत मिळून एक खोली घेतली. वडूजच्या गाडीने माझा डबा यायचा. ज्यांनी साताऱ्यात शिक्षण काढलंय त्यांना स्टँडवरचे ते डबे सांगायला नकोत. नाव घातलेली कापडी पिशवी, आत भाकरी, कालवण, कधी चटणीखाली लपवलेला लाडू.

खोलीच्या खालच्या अंगाला पिठाची गिरणी होती. मालकांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. दिवाळीनंतर त्यांचा गडी काम सोडून गेला आणि मी सहज विचारलं, मी येऊ का? संध्याकाळी पाच ते साडेआठ, महिना ६०० रुपये ठरले.

गिरणीत दळण्यापेक्षा क्रम लावण्याचं काम मोठं. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी, बाजरी शेवटी. बाजरीवर लगेच कुणाचा गहू टाकला की पोळ्या काळपट होतात आणि दुसऱ्या दिवशी बाई डबा घेऊन दारात. उपवासाचं दळण तर फक्त सकाळी, पहिलं. आदल्या रात्री झाकण खोलून दगड कुंच्याने झाडून ठेवलेले असतात, तेव्हाच ते घ्यायचं. हे मामांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

२००४ ची आषाढी. दशमीला मामा कोरेगावला मयतीला गेले आणि गिरणी माझ्या एकट्यावर. सातच्या सुमाराला मागच्या बोळातल्या एक आजी स्टीलचा डबा घेऊन आल्या. राजगिरा, वरी, शाबू, थोडं जिरं, सगळं घरून भाजून आणलेलं. सकाळी यायला जमलं नाही म्हणाल्या. "साफ करून दळशील ना?" मी हो म्हणालो. माझ्यापुढे गव्हाचे नऊ डबे ओळीत होते. वरच्या टोपल्यात हात फिरवला, पीठ पडतं ती कापडी पिशवी दोनदा झटकली आणि त्यांचं दळण टाकलं. दगडांच्या मध्ये गव्हाचं पीठ तसंच होतं. ते मला माहीत होतं.

एकादशीला सकाळी सात वाजता मी शटर वर करतोय तर आजी दारात. हातात ताटली, ताटलीत भिजवलेल्या पिठाचा गोळा.

"दगड झाडले होतेस?"

"हो आजी."

त्यांनी गोळ्यातून लिंबाएवढं पीठ तोडलं, दोन्ही चिमटीत धरलं आणि माझ्या डोळ्यांपुढे ओढलं. तुटायच्या आधी ते चांगलं बोटाच्या पेराएवढं लांबलं. "राजगिऱ्याला असा ताण येतो होय रे? माझी थालीपिठं कडेला चिरतात दरवर्षी. आज एक चीर नाही."

मी म्हणालो, "मामा आले की विचारतो."

"मामांना काय विचारायचं? दळलंस तू. मी तुला विचारतेय."

मला तोवर असं कुणी विचारलंच नव्हतं. गावात मी कुणाचं काही मोडलं तर तो माणूस माझ्याकडे बघायचा नाही, थेट आप्पांकडे जायचा. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, घरचे कर्ते. सहावीत असताना मी शेजारच्या घराची कौलं फोडली. आप्पांनी गुपचूप पैसे भरले, मला एका शब्दाने बोलले नाहीत. मी ती माया समजायचो, आणि ती मायाच होती. पण त्यामुळे चूक केल्यावर तोंड कसं उघडायचं हे मला १९ व्या वर्षापर्यंत आलं नव्हतं. त्या सकाळी शटरपाशी आजी होत्या, मी होतो आणि तो गोळा होता. आडवं यायला कुणी नव्हतं.

"नाही झाडले," मी म्हणालो.

त्या ओरडल्या नाहीत. "बरं. म्हणजे आज शेंगदाणे आणि दूध," एवढं बोलून ताटली पदराखाली घेऊन निघाल्या. ओरडल्या असत्या तर मी कदाचित तिथेच विसरलो असतो.

मी कॉलेज बुडवलं. वाण्याकडून राजगिरा, वरी, शाबू आणला, ६२ रुपये झाले. खोलीतल्या स्टोव्हवर भाजायला घेतला तर राजगिरा तडतडून कढईबाहेर, पहिला घाणा करपला. दुसरा जमला. मग मोटर बंद करून झाकण खोललं, दगडांच्या खाचांतून कुंचा फिरवला, दोन मुठी वरी आधी दळून टाकून दिली आणि मग त्यांचं दळण घेतलं. अकराच्या आत घरी नेऊन दिलं. त्यांनी पीठ बोटांत चोळून बघितलं, वास घेतला. "राजगिरा जरा जास्त भाजलास. चालेल." मग म्हणाल्या, "कालच्या दळणाचे पैसे तुझ्या मालकाला मिळाले. आजच्याचे तू तुझ्या खिशातून गल्ल्यात टाक, वीज त्यांची जळली आहे." मी टाकले. संध्याकाळी मामांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या चतुर्थीपासून उपवासाचं दळण त्यांनी माझ्याकडे दिलं.

यानंतर महिन्याभरात, श्रावणात, आप्पा कोर्टाच्या तारखेला साताऱ्यात आले आणि मला शोधत गिरणीत. माझ्या भुवयांपर्यंत पीठ. चार बायका डबे घेऊन उभ्या. "आरं, डबा येतोय, भाडं देतोय, कशाची कमी हाय तुला? लोकाचं पीठ झाडायला धाडलंय व्हय?" मीही भडकलो. म्हणालो, "उद्यापासून तुमचा डबा नको." ते चहा न घेता गेले.

आता मला जे सगळ्यात लागतं ते. आप्पा स्वतः १९६६ ला रयत शिक्षण संस्थेच्या छत्रपती शिवाजी कॉलेजला 'कमवा आणि शिका'तून, म्हणजे काम करून फी भागवत, शिकलेले. भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराडजवळच्या काले गावी ही संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. पुढे धनिणीच्या बागेत सगळ्या जातींची पोरं एका चुलीवरचं खायची, आपली कामं आपण करायची. त्या पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आप्पा हे सांगताना आजही गहिवरतात. त्यांनी शेतात पाणी पाजलं, खडीची घमेली वाहिली. आणि त्यातून त्यांनी अर्थ काढला तो असा, की आम्ही वाहिली म्हणून पुढच्या पोरांनी वाहायची नाहीत.

मी हे मानत नाही. काम फक्त फी परवडत नाही म्हणून असतं, तर संस्थेचं ब्रीद 'स्वावलंबी शिक्षण' कशाला असतं? आप्पा बाजार समितीत भल्याभल्यांना तोंडावर चुकलं म्हणतात, आणि स्वतःचं चुकलं तर तेही चारचौघांत कबूल करतात. ते त्यांना घमेल्यानं दिलंय, पुस्तकानं नाही. स्वतःला मिळालं ते घरातल्या पोरांना मात्र मायेपोटी मिळू दिलं नाही. माझा चुलतभाऊ आज ४० वर्षांचा आहे आणि बँकेत साधी सही जुळली नाही तरी आप्पांना फोन लावतो. तुम्ही डबा, भाडं, सगळं देताय, पण मुलासमोर कुणी परकं माणूस ताटली घेऊन उभं राहणार नाही अशीही व्यवस्था करताय.

मुलगी असती तरी माझं उत्तर हेच असतं.

काही गोष्टी मात्र सांगायला हव्यात. त्या वर्षी मला अकाउंट्सला ३८ पडले, पहिल्या वर्षी ६१ होते. परीक्षेआधीचा महिना काम बंद, हे मालकाशी आधीच ठरवून घ्यायला लावा. रात्री मोटारसायकलवर पार्सल पोचवायचं काम असेल तर मी नाही म्हणेन, हायवेला तर मुळीच नाही. आणि पगार थकला, मालक बोलला, तर मालकाला फोन करू नका. आधी त्याला स्वतःला मागू द्या.

डब्याचं राहिलं. मी तो आठ महिने बंद ठेवला आणि मला वाटलं मी आप्पांना हरवलं. पुढे आई म्हणाली, सवयीनं चारला जाग यायचीच, मग चूल पेटवून नुसती बसून राहायची, गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत. आप्पांवरचा राग मी तिच्या भाकरीवर काढला. तुमचा मुलगा उद्या डबा नको म्हणाला तरी गाडीत ठेवत जा. स्टँडवर जाऊन उचलायचा की नाही, ते तो बघेल.